दातवालीचे शेअर

कवळीवाल्यांना शेअरबाजारातलं काहीच कळत नव्हतं असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. कळत होतं. अर्धवट कळत होतं. ज्यांना काहीच कळत नाही ती माणसं आपले पैसे बँकेत ठेवतात आणि दुपारी स्वस्थ झोपतात.

जन्मभर त्यांनी लोकांचे दात केले. दवाखान्यातून जबड्याचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतून ते साचा काढायचे, मेणात एकेक दात बसवायचे, गुलाबी हिरड्या घडवायचे आणि शेवटी फिरत्या ब्रशवर धरून कवळीला चकाकी आणायचे. ज्यांच्या तोंडात ती कवळी जायची ती तोंडं त्यांनी कधी पाहिली नाहीत. आभार डॉक्टरांचे मानले जायचे आणि कवळीवाले मागच्या खोलीत मेणाचा वास घेत बसायचे. याचं आपल्याला कधी वाईट वाटलं नाही असं ते सांगत. साफ खोटं. वाईट वाटत नसतं, तर निवृत्त झाल्यावर चार माणसांनी "काय कवळीवाले, काय म्हणतोय बाजार?" एवढं विचारल्यावर माणूस इतका फुलला नसता.

हे विचारलं जायचं ब्रोकरच्या ऑफिसात. पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली, भिंतीवर आकडे सरकणारा पडदा, समोर दोन बाक, कोपऱ्यात पाण्याचा पिंप आणि काचेमागे ऑपरेटरबाई. घरून फोनवर बोटाने खरेदी-विक्री करणारे केव्हाच पुढे निघून गेले होते. या खोलीत येत ते घरी बसवत नसलेले म्हातारे. मॅनेजर, म्हणजे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, हे त्यांतले पुढारी. भूगोलाचे मास्तर आणि एक ठेकेदार ही आणखी दोन डोकी. बायको गेल्यापासून कवळीवाल्यांना घर खायला उठायचं, म्हणून ते सगळ्यांच्या आधी येत आणि बाकाच्या कडेची जागा धरून बसत.

या ऑफिसात एक शिस्त होती. ऑर्डर कुणीही देवो, समोर उभं राहून किंवा फोनवरून, ऑपरेटरबाई ती मोठ्याने परत म्हणणार आणि समोरच्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. पूर्वी एका कमी ऐकू येणाऱ्या आजोबांच्या खात्यावर विकायच्या ऐवजी घेतलं गेलं होतं आणि त्यावरून मोठा तमाशा झाला होता. तेव्हापासून हे सुरू झालं. त्यामुळे इथे कुणी काय घेतलं ते सगळ्या खोलीला कळायचं आणि त्यावर चहा होईपर्यंत चर्चा चालायची.

कवळीवाल्यांनी घेतली होती दातवाली. कंपनीचं नाव लांबलचक होतं, पण ती कृत्रिम दात बनवायची म्हणून खोलीत तिला सगळे दातवालीच म्हणत. कवळीवाल्यांनी हिचेच दात आयुष्यभर वापरले होते. नवा डबा आला की ते एक दात फरशीवर टाकत आणि आवाज ऐकत. दातवालीचा दात टणकन उडायचा, टवका निघायचा नाही. रंग असा की खऱ्या दाताशेजारी बसवला तर डॉक्टरही फसावा. शिवाय कंपनी मोठ्या मनाची. बिल महिनोन्महिने थकलं तरी तिचा माणूस यायचा, हसून बोलायचा आणि नवा डबा ठेवून जायचा. कवळीवाल्यांनी स्वतः कितीदा त्याला पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. "अशी कंपनी शोधून सापडणार नाही," असं ते खोलीत अभिमानाने सांगत. सगळ्या गावाला उधार देऊन बसलेली कंपनी शेवटी स्वतः कुठून खाणार, हा प्रश्न या गृहस्थांच्या डोक्यात एकदाही आला नाही. ते ज्या गोष्टीचं कौतुक करायचे तीच कंपनीला पोखरत होती.

वर आणखी जमाना बदलला होता. आता दवाखान्यात तोंडात कॅमेरा फिरवतात आणि मशीन एका ठोकळ्यातून अख्खी कवळी कोरून देतं. "त्याला काय दात म्हणतात? साबणाच्या वडीवर रेघा मारल्यासारखं दिसतं," असं कवळीवाले म्हणायचे. लोक त्याच वड्या तोंडात घालून हिंडत होते. दातवालीचा भाव पडत चालला होता.

भाव पडला की कवळीवाले आणखी घ्यायचे. याला ते सरासरी खाली आणणं म्हणत. महाग घेतलेल्यात स्वस्त मिसळलं की सगळं मिळून स्वस्त पडतं, असा हिशेब. हिशेबात चूक नव्हती. पण दातवालीचा शेअर हातावर मोजण्याइतकी माणसंच घेत आणि विकत. दिवसचे दिवस त्यात काही हालचाल नसायची. तरी कवळीवाल्यांनी घ्यायचं म्हटलं की कुणी ना कुणी विकणारा निघायचाच.

"दातवाली, घ्यायचे, बाजारभावाने. बरोबर ना काका?" ऑपरेटरबाई म्हणायच्या, आणि मग काचेच्या भोकाशी तोंड आणून हळूच, "काका, परत?"

"परत म्हणजे? कुणी येडा विकतोय तोवर घेऊन टाकायचे," कवळीवाले म्हणत आणि बाकाकडे वळून हसत. बाकावरही हशा पिकायचा. मॅनेजर सगळ्यात मोठ्याने हसायचे.

अशात कंपनीने पैसा उभा करायचं जाहीर केलं. ज्यांच्याकडे आधीपासून शेअर आहेत त्यांना त्यांच्या हिश्शाप्रमाणे, बाजारापेक्षा कमी भावात, नवे शेअर. त्या पैशातून कोरायचं मशीन आणणार. ठरलेल्या तारखेपर्यंत ज्याच्या नावावर जुने शेअर असतील त्यालाच नव्यांचा हक्क. खोलीत त्या दिवशी दोन वेळा चहा झाला.

"मशीन आलं तर कंपनी उभी राहते," मास्तर म्हणाले.

"आणि पैसेच जमले नाहीत तर?" ठेकेदाराने विचारलं.

मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. ते असं करायला लागले की खोली गप्प व्हायची. "बँकेत असताना शंभर कंपन्या पाहिल्या. कागदावर काही कळत नाही. माल कळणारा माणूस लागतो. आणि तो आपल्यात बसलाय," असं म्हणून त्यांनी कवळीवाल्यांच्या गुडघ्यावर थाप मारली.

झालं. कवळीवाले हरभऱ्याच्या झाडावर चढले ते चढलेच. कंपनीच्या वार्षिक सभेला ते नवा शर्ट घालून गेले. भाड्याचा हॉल, पुढे मालक आणि त्यांची दोन मुलं, मागे रिकाम्या खुर्च्या. कुणीतरी कर्जाचं विचारलं, कुणीतरी थकलेल्या वसुलीचं. कवळीवाले उठले आणि त्यांनी विचारलं की पुढच्या दातांचा तो जुना किंचित पिवळसर रंग बंद का केला, म्हाताऱ्या पेशंटांना तोच शोभतो. मालक खुर्चीतून उठून उभे राहिले. "असे भागधारक असल्यावर या कंपनीचं कोण काय वाकडं करणार?" असं म्हणून त्यांनी स्वतः टाळी वाजवली. कर्जबाजारी कंपनीच्या सभेत दातांच्या रंगावर टाळ्या पडल्या, आणि कवळीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं मागच्या खोलीत बसलेल्या माणसाला कुणीतरी पुढे बोलावलं होतं. त्या पाण्यापायी पुढे काय काय वाहून गेलं!

त्यांना एक धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती मुलाच्या घरी राहत होती, म्हणजे मुलाच्या घराच्या व्हरांड्यात पडदा लावून राहत होती. सून वाईट नव्हती, पण पडद्याआड खोकलं तरी "काय झालं आई?" असा आवाज यायचा आणि त्यात काळजीपेक्षा वैताग जास्त असायचा. सासरच्या जागेचा तिचा वाटा इतक्या वर्षांनी हातात आला होता. तिला एक खोली घ्यायची होती. एकच, पण स्वतःची. पैसे थोडे कमी पडत होते.

"दादा, बँकेत ठेवले तर खोली घेईपर्यंत मीच उरणार नाही," ती म्हणाली. "तुझं ते बाजाराचं काय? तुला कळतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तूच म्हणतोस."

कवळीवाल्यांनी मॅनेजरांना विचारलं. बहिणीचे आहेत, विधवेचे आहेत, जपून सांगा, असंही म्हणाले. मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "घ्यायचे असतील तर तारखेच्या आत घ्या, म्हणजे नव्यांचाही हक्क मिळेल. अर्थात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." कवळीवाल्यांना यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. दुसऱ्याच दिवशी बहिणीच्या नावाने मोठी ऑर्डर लागली. दातवालीत इतके शेअर एका दमात मिळणं म्हणजे नवलच, पण मिळाले. "तुझं नशीब जोरावर आहे," असं त्यांनी बहिणीला फोन करून सांगितलं. मग तिने नव्या शेअरांचेही पैसे भरले. जवळ काही ठेवलं नाही.

पैसे जमले ते ठरवल्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. पुढे कळलं की मालकाच्या मुलांनी आपल्या वाट्याचे नवे शेअर घेतलेच नव्हते. जे जमलं ते बँकेने थकबाकीत वळवून घेतलं आणि मशीन कागदावरच राहिलं. भाव असा गडगडला की बहिणीची एक खोली सोडा, खोलीचा कोपराही आला नसता. बहीण फोनवर काही बोलायची नाही. "जेवलास का?" एवढं विचारायची. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एका दुपारी कवळीवाले अवेळी ऑफिसात गेले. दुपारी जेवायला जाऊन ते पुन्हा कधी यायचे नाहीत, पण बहिणीच्या खात्यातलं काही विचारायचं होतं. बाकावर मास्तर आणि ठेकेदार पेंगत होते. ऑपरेटरबाई पाठमोऱ्या, कानाला फोन.

"दातवाली, विकायचे, उरलेले सगळे," त्या शिस्तीप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बरोबर ना मॅनेजरसाहेब?"

मग त्या वळल्या. कवळीवाल्यांना पाहून त्यांनी फोन खाली ठेवला, पण आता काय उपयोग?

"कधीपासून?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"काका, मला सांगता येत नाही. नोकरी जाईल."

"माझ्या बहिणीचे घेतले त्या दिवशी?"

बाईंनी मान खाली घातली. त्यातच उत्तर मिळालं. कवळीवाले बाकाकडे वळले. मास्तर जागे होते. ठेकेदारही जागा होता. दुपारचे फोन या दोघांनी रोज ऐकले होते, आणि सकाळी येडा कोण विकतोय यावर त्यांच्याबरोबर दात काढले होते.

"आम्हाला वाटलं तुमचं तुमचं बोलणं झालं असेल," मास्तर म्हणाले. असं कुणाला वाटत नसतं.

मॅनेजर घरी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. कवळीवाले सरळ आत गेले.

"सगळे तुम्ही विकलेत. मी घेत होतो आणि तुम्ही विकत होतात. शेजारी बसून."

मॅनेजरांनी झारी खाली ठेवली नाही. "बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. बहिणीचे पैसे आहेत हे सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतं. आणि माझ्याकडचे माझ्या बायकोचे होते. तिच्या औषधांचे. तुम्ही विचारलंत का कधी?" त्यांचा आवाज चढला नाही. "मी चुकून शिरलो होतो त्या कंपनीत. तुमच्याच नादाने शिरलो, आठवतंय? मला बाहेर पडायचं तर कुणीतरी आत यायला हवंच होतं. बाजार म्हणजे दुसरं काय असतं, कवळीवाले? मी खोटं काही बोललो का? एक वाक्य दाखवा."

कवळीवाल्यांना दाखवता आलं नाही. "तुमच्या तोंडाकडे मी पुन्हा बघणार नाही," एवढं म्हणून ते जिना उतरले. खाली आल्यावर रडले. भर रस्त्यात, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून, साठी उलटलेला माणूस रडला. पैशांसाठी कमी, आणि त्या बाकावरच्या हशासाठी जास्त.

मॅनेजर नंतर खोलीत यायचे बंद झाले. विकून मोकळ्या झालेल्या माणसाला तिथे काय काम? कवळीवाल्यांना मात्र जावं लागलं. बहिणीचे शेअर विकायचे होते आणि घेणारं कुणी नव्हतं. दिवसभर ते पडद्यावर डोळे लावून बसत. दातवालीच्या नावापुढे घेणाऱ्याची जागा रिकामी असायची. ऑपरेटरबाईही आता "परत?" विचारत नव्हत्या.

मग घड्याळजी आले. दुकान बंद करून आलेले, नुकतेच. लोक वेळ फोनवर बघायला लागल्यापासून गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. दुकान विकून चार पैसे हाताशी आले होते. बाकावर जागा एकच होती, कवळीवाल्यांच्या शेजारची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कवळीवाल्यांच्या मनगटावरचं बंद पडलेलं घड्याळ पाहिलं, न विचारता काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चालू करून दिलं. पैसे घ्यायला तयार नव्हते. "धंद्याच्या माणसाकडून धंद्याच्या माणसाने पैसे घ्यायचे नसतात," म्हणाले. कवळीवाल्यांना हा माणूस मनापासून आवडला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचं समजायला ते लागतं.

"तुमची ती दातवाली कशी आहे हो?" घड्याळजींनी एकदा विचारलं. "फार स्वस्त दिसतेय."

कवळीवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर आकडे सरकत होते. बहीण व्हरांड्यात होती, आणि तिने पाहून ठेवलेल्या खोलीचा मालक आता जास्त थांबायला तयार नव्हता. कवळीवाल्यांना सगळं दिसत होतं. पलीकडे मास्तर आणि ठेकेदार बसले होते, तेही ऐकत होते आणि तेही काही बोलले नाहीत.

"माल एक नंबर," कवळीवाले म्हणाले. "असे दात दुसरं कुणी करत नाही. मी आयुष्यभर वापरलेत."

"तुम्ही विकले नाहीत?"

"माझा एकही विकला नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. घड्याळजींनी थोडे घेतले. भाव हलला, कारण इतक्या दिवसांत घेणारा म्हणून कुणी आला होता तो हा एकटाच. भाव हललेला पाहून त्यांना हुरूप आला आणि त्यांनी आणखी घेतले. दुपारी, घड्याळजी जेवायला घरी गेलेले असताना, कवळीवाले आपल्या घरून फोन करायचे आणि बहिणीच्या खात्यातले थोडे थोडे विकायचे. सगळे संपायला काही आठवडे गेले. स्वतःचे त्यांनी ठेवले. ती आपली शिक्षा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. अशी शिक्षा स्वतःला देणं फार सोपं असतं, तिने घड्याळजींच्या खिशात परत काही जात नव्हतं. विकून आलेल्या पैशांत बहिणीची खोली येणार नव्हती, तेव्हा कमी पडले ते त्यांनी आपली ठेव मोडून घातले. त्याचंही त्यांना समाधान वाटलं.

पैसे घेऊन ते बहिणीकडे गेले तेव्हा ती एकटीच होती. पडद्याआड तिने खुर्ची मोकळी करून दिली.

"सगळे विकले गेले?" तिने विचारलं. "अरे, पण तू म्हणत होतास ना, कुणी हुंगतसुद्धा नाही म्हणून?"

"मिळाला एक."

"कोण?"

कवळीवाल्यांना "बाजारातलं कुणीतरी" म्हणता आलं असतं. पण त्या दिवशी खोटं बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. "एक घड्याळजी आहेत. माझ्या शेजारी बसतात. दुकान विकलंय त्यांनी."

बहिणीने पैसे हातात घेतले. ती त्यांना लहानपणापासून ओळखत होती. "त्यांना माहीत होतं? कंपनीचं?"

"नाही."

"तू सांगितलं नाहीस?"

"नाही."

तिने हातातल्या पैशांकडे पाहिलं. आता ती पैसे परत करील, असं कवळीवाल्यांना वाटलं. ती म्हणेल, जा आणि त्या माणसाला सांगून ये. त्यांना ते हवंच होतं. ती म्हणाली असती तर ते गेले असते, उठून त्याच पावली गेले असते.

बाहेर सून आल्याचा आवाज झाला. किल्ल्या टेबलावर पडल्या. "आई, कुणाशी बोलताय?"

बहिणीने पैसे पिशवीत घातले आणि पिशवीचं तोंड बांधलं. "उद्या सकाळी व्यवहार करायचा म्हणतोय तो खोलीवाला," ती हळू आवाजात म्हणाली. "हे तू मला सांगितलंच नाहीस दादा. मी ऐकलं नाही."

"बरं," कवळीवाले म्हणाले.

मग तिने विचारलं की कपाट खिडकीसमोर लावलं तर उजेड अडेल का, आणि ते दोघं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं ते बोलत बसले.